मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट की फोनेटिक, आणि मग ब्राउझर कुठला?

माझी आत्या शाळेतून रिटायर झाली आणि तिने लॅपटॉप घेतला, आठवणी लिहून काढायच्या म्हणते. पहिलाच प्रश्न, "क्रोम टाकू का फायरफॉक्स?" मी म्हटलं आत्या, ब्राउझरचं नंतर बघू, आधी मराठी टाइप कशाने करणार ते ठरव. ब्राउझर आज एक उद्या दुसरा, पाच मिनिटांचं काम आहे, पण बोटांना एकदा जी सवय लागली ती सहज सुटत नाही. हाच प्रश्न बरेच जण विचारतात म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

तर दोन रस्ते. एक फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग टाइप करायचं आणि कॉम्प्युटर त्याचं मराठी करून देतो. दुसरा इन्स्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डवर प्रत्येक मराठी अक्षराची आपली जागा. (शिवाजी, कृतिदेव वगैरे जुन्या फाँटमध्ये लिहायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. त्यात आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा असतो, समोरच्याकडे तो फाँट नसला की नुसती खिचडी दिसते आणि गूगलला तर तुमचं लिखाण सापडणारच नाही. युनिकोडच वापरा, त्यात मराठी अक्षर आतसुद्धा मराठी म्हणूनच साठतं आणि सगळीकडे तसंच दिसतं. हे दोन्ही रस्ते युनिकोडचेच आहेत.)

फोनेटिकची मोठी जमेची बाजू म्हणजे आज बसलात की आजच लिहाल. गूगल इनपुट टूल्सचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, क्रोममध्ये टाकायची, मराठी निवडायचं, झालं. पण ते ब्राउझरच्या बाहेर चालत नाही, वर्डमध्ये गेलात की परत इंग्रजी. त्यापेक्षा विंडोजमधलं फोनेटिक बरं पडतं, विंडोज 10 च्या 2019 सालच्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच दिलेला आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा अ‍ॅड करायची, मग भाषेच्या ऑप्शन्समध्ये जाऊन मराठी फोनेटिक घ्यायचा. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी बदलतं, आणि वर्ड, ब्राउझर, नोटपॅड सगळीकडे चालतं.

आता त्याचा तोटा, आणि मला तो छोटा वाटत नाही. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ह्रस्व-दीर्घ नाही. म्हणजे तुम्ही बाळ म्हणून लिहिता आणि समोर बाल येऊ शकतं, खाणच्या जागी खान, मूळच्या जागी मूल, आणि दरवेळी खालच्या यादीतून बरोबर शब्द वेचून घ्यावा लागतो. सुरुवातीला आपण वेचतो. मग घाई असते, पहिला आला तो घेतो आणि पुढे जातो, आणि वर्षभराने आपल्याच लिखाणात 'आणी' आणि 'कि' दिसायला लागतात. मी आमच्या वाचनालयाच्या अंकाचं टायपिंग बघते, आलेल्या लेखांवरून सांगते, शुद्धलेखन चांगलं असलेल्या माणसांचे लेखसुद्धा असे येतात, आणि हाताने लिहिलेल्या पत्रात त्यांच्या या चुका नसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. आणि आपण मराठी शब्द आधी मनात इंग्रजी स्पेलिंगमध्ये फोडतो मग लिहितो, हा वळसा आयुष्यभर कशाला?

इन्स्क्रिप्ट 1986 मध्ये सरकारी पातळीवर ठरलेला कीबोर्ड आहे आणि तो आपल्या वर्णमालेसारखाच बसवलाय, हे कुणी सांगत नाही म्हणून लोक घाबरतात. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजी के च्या बटणावर क, शिफ्ट धरून के म्हणजे ख. आय वर ग, शिफ्ट धरून घ. साधं अक्षर बटणावर आणि त्याचा ह-कारवाला भाऊ त्याच बटणावर शिफ्ट धरून, तसेच च छ, ट ठ, त थ, प फ. एन वर ल, शिफ्ट धरून ळ, म्हणजे बाळचं बाल चुकूनसुद्धा होणार नाही, झालं तर ती तुमच्या बोटाची चूक, कॉम्प्युटरच्या अंदाजाची नाही. मराठी हा शब्द म्हणजे सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरण चिन्हाचं बटण, मग आर. जोडाक्षराला मध्ये डी दाबायचा, तो पाय मोडतो. आणि वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्ट धरून 5 ला ज्ञ, 6 ला त्र, 7 ला क्ष, 8 ला श्र तयार मिळतात.

मला सगळ्यात आवडतं ते ऱ्य. वाऱ्यावर, दऱ्या, आचाऱ्यांना. हा र मराठीचा खास आणि तो चुकला तर स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना बोलवायच्या ऐवजी आपण आचार्यांना बोलवतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, आला ऱ्य. फोनेटिकमध्ये हा नेमका यादीत शोधत बसायला लागतो.

शिकायला किती दिवस? मला रोज अर्धा तास बसून तीन आठवड्यांत न बघता यायला लागलं, पहिला आठवडा कंटाळवाणा गेला हे खरं आहे. इंटरनेट लागत नाही, आणि एकदा आलं की गुजराती, कन्नड, बंगाली कीबोर्डवरसुद्धा क तिथेच सापडतो कारण सगळ्यांची रचना एकच आहे.

म्हणून माझं मत: आठवड्यातून दोन-चार मेसेज आणि एखादा फॉर्म एवढंच मराठी असेल तर फोनेटिक घ्या, तीन आठवडे घालवू नका. रोज एक पान लिहिणार असाल, आठवणी, लेख, भाषांतर, शाळेचं काम, तर इन्स्क्रिप्टच. वयाचा काही संबंध नाही, आत्या 61 ची आहे.

दुसरं, लिहायचं कुठे. वेबसाइटवरच्या चौकटीत थेट लिहू नका. माझा एका ठिकाणी दोन पानांचा मजकूर सबमिट दाबल्यावर गेला, लॉगिनची वेळ संपली होती आणि मागे आल्यावर चौकट कोरी. तेव्हापासून आधी डॉक्युमेंटमध्ये लिहायचं आणि मग चिकटवायचं. गूगल डॉक्स की वर्ड की लिबरऑफिस (वर्डसारखंच, पण फुकट)? नवशिक्याला मी डॉक्स सांगते, आपोआप सेव्ह होतं आणि मराठीसाठी वेगळं काही करावं लागत नाही. वर्डमध्ये एक गोम आहे, तो देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट, म्हणजे इंग्रजीपेक्षा वेगळ्या गुंतागुंतीच्या लिप्यांच्या गटातली, समजतो, त्यामुळे फाँट बदलला तरी कधी कधी नुसतं इंग्रजीच बदलतं आणि मराठी जसंच्या तसं, मग लोक वैतागतात. फाँटच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा भाग असतो, मराठीचा फाँट आणि साइज तिथे द्यायचा. लिबरऑफिसमध्येही हेच, फक्त ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट आधी चालू करावं लागतं. पुस्तक करायचं असेल तर शेवटी वर्ड किंवा लिबरऑफिसला यावंच लागतं, पण कच्चं लिखाण डॉक्समध्ये सुखाने होतं.

नटवण्याबद्दल थोडंच. मराठीला इटॅलिक करू नका, देवनागरीत ती परंपरा नाही, अक्षरं नुसती कलंडतात. अंडरलाइन पण नको, उकार कापले जातात. ठसठशीत करायचं तर बोल्ड पुरे. ओळींमधलं अंतर दीड ठेवा, वर वेलांटी-मात्रा खाली उकार, त्यांना जागा लागते. आणि दुसरीकडून कॉपी केलेलं चिकटवताना ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही, म्हणजे तिकडचा रंग-आकार येत नाही. आधीच बिघडलं असेल तर सिलेक्ट करून डॉक्समध्ये कंट्रोल आणि उलटा स्लॅश, वर्डमध्ये कंट्रोल आणि स्पेस, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि एम. आणखी एक, बॅकस्पेस मराठीत एकेक मात्रा खोडतो पण डिलीट पूर्ण जोडाक्षर उडवतो, तेव्हा नुसती वेलांटी बदलायची तर बॅकस्पेस.

आता ब्राउझर. क्रोम आणि एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) आतून एकच आहेत, दोघेही क्रोमियम नावाच्या एकाच पायावर, त्यामुळे वेबसाइट दिसायला दोन्हीत सारखी आणि क्रोमची एक्स्टेंशन एजमध्येही चालतात. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं. मराठी वाचणाऱ्यासाठी फायरफॉक्समध्ये एक गोष्ट खास आहे, सेटिंग्जमध्ये फाँटच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये देवनागरीसाठी वेगळा फाँट आणि वेगळा साइज ठरवता येतो, इंग्रजीला हात न लावता. क्रोममध्ये फाँट बदलता येतो पण लिपीप्रमाणे वेगळा नाही. मराठी अक्षरं बारीक दिसतात ही तक्रार असेल तर मुक्ता फाँट फुकट मिळतो, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, तो टाकून फायरफॉक्समध्ये लावा. वेबसाइटने स्वतःचा फाँट दिला असेल तर तोच दिसेल, तेव्हा कंट्रोल आणि प्लसने झूम करा. टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी, तिन्ही ब्राउझरमध्ये परत येतो.

क्रोम कधी? गूगलचं सगळं वापरता, फोनही अँड्रॉइड आहे आणि पासवर्ड दोन्हीकडे हवेत, तेव्हा. नाहीतर विंडोजवर एज आधीच असतो, क्रोम मुद्दाम टाकायची मला गरज दिसत नाही. आणि एज मी आत्याला दिला तो एका कारणासाठी. त्यात मजकूर वाचून दाखवायची सोय आहे आणि मराठी आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. आपलं लिखाण स्वतःलाच मेल करायचं, एजमध्ये उघडायचं, सिलेक्ट करून राइट क्लिक, रीड अलाउड सिलेक्शन. डोळ्यांना सवयीने न दिसलेली चूक कानाला लगेच खटकते. आत्याने पहिलं पान तसं ऐकलं, 'शाळेच्या वळणावर' च्या जागी आरोही 'वलणावर' म्हणाली, आणि आत्या लगेच डॉक्समध्ये जाऊन, शिफ्ट धरून एन दाबून, तो ळ दुरुस्त करून आली.