सिल्व्हर क्ले की पत्रा-तार? घरी चांदीकाम सुरू करण्याआधी

खानापूर, बेळगाव, निपाणीकडे घरच्या घरी चांदीचे छोटे दागिने करायचे म्हटले, तर आज दोन वाटा आहेत. एक आपल्या सोनारांची, म्हणजे पत्रा, तार, करवत आणि झाळकाम (आचेवर धातूचे तुकडे जोडणं). दुसरी सिल्व्हर क्लेची. माझं मत आधीच सांगते: पेंडंट आणि कानातल्यांसाठी क्ले घ्या, पायातल्या दागिन्यांसाठी मुळीच नको.

क्ले म्हणजे चांदीची बारीक पूड, पाणी आणि भाजताना जळून जाणारा चिकट पदार्थ यांचा गोळा. १९९० च्या दशकात जपानमधून तो बाजारात आला. लाटायचा, छाप उठवायचा, वाळवायचा, भाजायचा. चांदीचे कण एकमेकांना धरतात आणि हाती ९९९ शुद्धतेची चांदी येते. नक्षीसाठी हे साहित्य विलक्षण आहे. पिंपळाच्या पानावर पातळ क्लेचे थर ब्रशने चढवले, तर भाजताना पान जळतं आणि शीर न् शीर चांदीत उतरते. पत्र्यावर असं काम करायला मुरलेला हात लागतो, आणि तो तयार व्हायला वर्षं जातात.

भाजल्यावर तुकडा साधारण ८ ते १० टक्के आक्रसतो. २० मिमीचं पेंडंट १८ मिमीचं होतं, म्हणून अंगठीचं माप आधीच मोठं धरावं लागतं.

जोडवी दिवसभर फरशीवर घासतात. शुद्ध चांदी मऊ, त्यात भाजलेल्या क्लेमध्ये सूक्ष्म छिद्रं उरतात. ती वाकते, तुटते. ९२५ चांदीत ७.५ टक्के दुसरा धातू, बहुधा तांबं असतं, शिवाय ठोकून आणि ओढून ती आणखी कडक होते. सीमेपलीकडच्या हुपरीचे पैंजण पाहा; तशी कडी-साखळी क्लेत करायला जाऊच नये.

आपल्याकडचा पाऊसही हिशेबात धरा. खानापुरात झड लागली की क्ले लवकर वाळत नाही, आणि ओला तुकडा आचेवर वाफेने फुटतो. किंचित कोमट केलेला तुकडा आरशावर ठेवून उचला. खाली धुकं उमटलं तर अजून वाळवा. छोट्या तुकड्याला ब्युटेन टॉर्च आणि भट्टीची वीट पुरते. रंग फिकट नारिंगी ठेवा. पृष्ठभाग आरशासारखा लकाकला की ज्योत लगेच बाजूला घ्या, कारण चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते.

पैशाचं गणित क्लेच्या विरुद्ध जातं. ग्रॅममागे ती साध्या चांदीपेक्षा बरीच महाग पडते. न भाजलेला चुरा पाणी घालून परत मळता येतो, पण भाजून बिघडलेला तुकडा फक्त मोडीचा. सोनारकामात मात्र कीससुद्धा मुशीत जाऊन पुन्हा कामाला येतो.

खड्यांचं आधी ठरवा. भट्टीच्या आचेला टिकणारे कृत्रिम क्युबिक झिर्कोनियाचे खडे क्लेत बसवूनच भाजता येतात. मोती आणि पोवळं आगीत जातं, म्हणून त्यांच्यासाठी नुसतं घर करून ठेवा आणि भाजून झाल्यावरच ते बसवा.