चोर्ला घाट, मनगटी पट्टा आणि गोळी: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी लागू नये म्हणून मिळणारा मनगटी पट्टा घाटात एकटा पुरत नाही. बेळगाव-पणजी चोर्ल्यावरून आणि बेळगाव-सावंतवाडी आंबोलीवरून, दोन्हीकडे पावसाळ्यापासून वापर चालू आहे.

पट्ट्याच्या आतली गुंडी मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन ताठ शिरांच्या (कंडरांच्या, रक्तवाहिन्यांच्या नव्हे) मधोमध टेकली पाहिजे, तीही दोन्ही हातांवर. बरेच जण घड्याळासारखा घडीवरच चढवतात. चार-सहा वेळा धुतला की इलॅस्टिक सैल पडतं आणि गुंडी सरकते. लहान मुलांच्या हातावर तर तो गोल गोल फिरतो. सपाट रस्त्यावर थोडं बरं वाटतं, चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबी गावाच्या पुढे वळणं लागली की फरक जाणवत नाही.

खरं काम गोळीचं. अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलीग्रॅम, निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची. त्याच वाटेवरच्या जांबोटीला पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा वायाच जाते, कारण मळमळ सुरू झाली की जठराचं पोटातलं पुढे ढकलणं मंदावतं आणि औषध आतड्यात उशिरा पोचतं. सकाळी सहाची बस असेल तर रात्री झोपताना घेतलेली चालते. ५ ते ९ वर्षांच्या मुलाला अर्धी, तीही डॉक्टरांना विचारून. २ वर्षांखाली अजिबात नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनीही आधी विचारावं. दुकानात उलटीची म्हणून ओंडान्सेट्रॉन हातात ठेवतात, ते इथे फारसं चालत नाही. घाटातली मळमळ आतल्या कानाकडून येते आणि त्या वाटेवर हे औषध अडथळा घालत नाही.

बसमध्ये मागच्या चाकामागची बाकं टाळा, पुढून तिसरी-चौथी रांग बरी. ट्रॅक्स जीपच्या मागचं आडवं बाक सगळ्यांत वाईट: अंग आडवं झुलतं आणि पुढचा रस्ता दिसत नाही. मोबाईल खिशात, नजर लांबच्या डोंगरावर. उपाशी निघू नका, पण मिरची-भजीही नको. मूठभर कोरडे चिरमुरे पुरतात. आलेपाकाने तोंडाची चव सुधारते, त्यापलीकडे फार भरवसा नाही.

उलटी झालीच तर पाणी घटाघटा न पिता ओआरएसचे घोट-घोट घ्या. गोळी घेतली असेल तर उतरल्यावर स्टँडवर लावलेली स्कूटर दुसऱ्याला चालवू द्या. गुंगी दिवसभरही राहते आणि सोबत दारू असली तर आणखी वाढते.