डब्ल्यूएमकंट्रोल: टर्मिनलवरून फुली दाबायची सोय

लिनक्सवर काही बंद करायचं म्हटलं की इतकी वर्षं माझा एकच मंत्र, किल मायनस नाइन. प्रोग्राम जागच्या जागी खल्लास, सेव्ह करायला सेकंदभरही मिळत नाही, मग दुसऱ्या दिवशी कॅल्क (लिब्रेऑफिसचं स्प्रेडशीट) उघडलं की डॉक्युमेंट रिकव्हरी दारात उभीच. साधा किल, म्हणजे सिग्नल १५, त्यातल्या त्यात बरा, पण तो आल्यावर 'सेव्ह करू का' विचारायचं की गपगुमान निघायचं ही ज्याची त्याची मर्जी. आणि एक्सकिल तर काय, खिडकीवर क्लिक केलं की प्रोग्रामचं स्क्रीनशी कनेक्शनच कट.

शेवटी डब्ल्यूएमकंट्रोल हे टर्मिनलवरून खिडक्या हाताळायचं छोटं टूल टाकलं, कमांड लिहिताना कंट्रोलचं नुसतं सीटीआरएल. मायनस एल दिलं की उघड्या खिडक्यांची यादी, मायनस सी आणि पुढे नाव दिलं की ती खिडकी बंद. हे प्रोसेसच्या वाटेला जातच नाही, विंडो मॅनेजरला, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, सांगतं आणि तो प्रोग्रामला निरोप देतो की बाबा आवर आता, म्हणजे माउसने कोपऱ्यातली फुली दाबल्यासारखंच, त्यामुळे कॅल्क व्यवस्थित विचारतं सेव्ह की डोन्ट सेव्ह. मला तर पहिल्यांदा तो डायलॉग बघून बरं वाटलं, एरवी वैताग यायचा!

नाव देताना मात्र जपून हं. टायटलचा तुकडा जुळला तरी त्याला चालतं आणि पहिली सापडेल ती खिडकी जाते. मी आपलं 'हिशोब' दिलं, त्याच नावाचा फोल्डरही उघडा होता, फोल्डर गेला आणि कॅल्क ढिम्म, आणि माझ्या शहाण्या स्क्रिप्टची पुढची ओळ शटडाउनची. दीड तासाच्या एंट्र्या परत मारल्या. आता मायनस एक्स लावून क्लासवरून, म्हणजे खिडकी कुठल्या प्रोग्रामची त्या नावावरून, पकडतो, नाहीतर यादीतला आयडी मायनस आय सी ने देतो, आणि खिडकी यादीतून जाईपर्यंत स्क्रिप्ट थांबून राहते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालवणार असाल तर कुठला स्क्रीन वापरायचा ते सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल आधी सेट करा, नाहीतर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' म्हणून हात वर.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वेलँडसाठी, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीसाठी, तिथल्या अस्सल वेलँड खिडक्या याला दिसतच नाहीत, एक्सवेलँडमधून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या सोयीतून, चालणाऱ्या तेवढ्या दिसतात. माझ्या लिनक्स मिंटवर जुनी पद्धत, एक्स इलेव्हन, आहे म्हणून निभावतंय, तुम्ही टाकायच्या आधी आपलं सेशन कुठलं ते बघून घ्या.