थरथरत्या गजासाठी दोन दिवस : सराव-स्वरचाचणी शिबिराचा अनुभव

मी व्हायोलिन वाजवते. घरी, गुरुजींसमोर आणि छोट्या बैठकींतही माझा हात स्थिर असतो. पण दोन वर्षांपूर्वी आकाशवाणीच्या स्वरचाचणीत, म्हणजे कलाकार निवडण्याच्या ऑडिशनमध्ये, स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि पहिल्याच लांब षड्जावर (‘सा’वर) गज, म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची काठी, तारेवर थरथरू लागला. राग पक्का होता, तबलजी ओळखीचे होते, तरीही सुरुवातीचा सगळा आलाप हातचा गेला. पुन्हा अर्ज करण्यापूर्वी या एकाच अडचणीवर काम करावे, म्हणून मी पुण्यात सदाशिव पेठेतील एका खासगी स्टुडिओच्या दोन दिवसांच्या सराव-स्वरचाचणी शिबिरात नाव नोंदवले. शुल्क 2,500 रुपये होते आणि आम्ही सहा जण होतो.

शिबिराची खरी किंमत वसूल होते ती सरावाच्या मांडणीत. प्रत्येकाला बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसवून ठेवतात, नावाऐवजी क्रमांकाने हाक मारतात, आपण दिलेल्या रागांच्या यादीतून कोणता राग वाजवायचा ते आयत्या वेळी सांगतात आणि ऐकणारे परीक्षक आपल्याला दिसत नाहीत. बैठकीत समेवर एक ‘वा’ मिळाली की खांदे आपोआप सैल होतात. इथे समोर फक्त काच आणि मायक्रोफोन असतो. त्या शांततेची सवय घरच्या रियाजात होत नाही, हे मला तिथे बसल्यावरच कळले. दोन दिवसांत प्रत्येकाला पाच वेळा आत जावे लागले. पहिल्या दोन वेळा माझा गज तसाच कापत होता, तिसऱ्या वेळी आलापाच्या मध्यावर तो शांत झाला आणि पाचव्या वेळी कंप पहिल्या काही स्वरांपलीकडे टिकला नाही.

मार्गदर्शक स्वतः वादक असल्यामुळे त्यांचे सांगणे हाताशी निगडित होते. भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढले की नाडी जलद होते, बोटे गार पडतात आणि स्नायूंना बारीक कंप सुटतो. तो थांबवण्यासाठी आपण गज आणखी आवळून धरतो आणि कंप वाढतो. म्हणून त्यांनी पहिला स्वर अगदी हलक्या, संथ गजाने न काढता हाताचे वजन तारेवर नीट टेकवून, थोड्या भरीव आवाजात काढायला लावले. मांडी घालून वाजवताना व्हायोलिनचा माथा उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकलेला असतो, त्यामुळे पाय थरथरला तर वाद्यही हलते, हेही त्यांनी नेमके हेरले आणि प्रत्येकाची बैठक वेगळी तपासली. आत जाण्यापूर्वी श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या दुप्पट ठेवायचा, एवढा साधा व्यायाम मला सर्वांत उपयोगी पडला. जिना धावत चढून, धडधडत्या छातीनेच लगेच वाजवायला बसण्याचा प्रयोगही मी आता घरी करते.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. एका सहभागी विद्यार्थ्याने प्रोप्रॅनोलॉलविषयी विचारले, तेव्हा ‘बरेच जण घेतात’ एवढेच उत्तर मिळाले. हे हृदयविकार आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे औषध हाताचा कंप कमी करते हे खरे. परंतु दमा असलेल्यांना ते धोकादायक ठरू शकते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नये, हे तिथेच ठामपणे सांगायला हवे होते. अशा शिबिरात एक तास डॉक्टरांसाठी राखून ठेवणे मला आवश्यक वाटते.

स्टुडिओतील वातानुकूलन फार थंड होते आणि विनंती करूनही कमी झाले नाही. बोटे आधीच गार पडलेल्या वादकासाठी ही लहान बाब नाही, म्हणून शाल सोबत ठेवावी. आमच्यात दोन गायिका होत्या. त्यांचा घसा कोरडा पडणे, तारसप्तकात आवाज कापणे यांवर जेमतेम दहा मिनिटे मिळाली, त्यामुळे गायकांनी नाव नोंदवण्यापूर्वी मार्गदर्शक कोण आहेत हे विचारून घ्यावे. तंतुवादकांना मात्र, विशेषतः ज्यांचा अर्ज गेला आहे आणि तारीख अजून यायची आहे, त्यांना मी हे शिबिर निःसंकोचपणे सुचवीन.