हाडांची घनता तपासायची आहे: शिबिरातलं टाचेचं मशीन की डेक्सा?

२० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ होण्याचा आजार) दिन असतो. तो जवळ आला की ज्येष्ठ नागरिक संघांत, सोसायट्यांच्या आवारात, औषधांच्या दुकानांबाहेर मोफत हाड तपासणीचे फलक लागतात. तिथे बहुतेक वेळा टाचेचं अल्ट्रासाऊंड मशीन असतं. डेक्सा, म्हणजे अगदी कमी क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, मात्र मोठ्या हॉस्पिटलात किंवा डायग्नोस्टिक सेंटरमध्ये पैसे भरून करावा लागतो. साठीपुढच्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही सेवा कशा आहेत, ते इथे पाहिलं आहे.

टाचेच्या मशीनचं काम सोपं. मोजा काढायचा, टाच खाचेत ठेवायची, दोन्ही बाजूंना जेल लावलं की थोड्याच वेळात आकडा छापून येतो. क्ष-किरण नाहीत, टेबलावर चढणं नाही, खर्च नाही. जिना उतरणंही ज्यांना जड जातं त्यांच्या दारापर्यंत ही तपासणी जाते, हा तिचा मोठा गुण. पण चिठ्ठीवर ‘टी-स्कोअर’ (निरोगी तरुणांच्या सरासरीपेक्षा आपलं हाड किती कमी-जास्त, ते सांगणारा आकडा) छापलेला असला तरी तो डेक्साचा टी-स्कोअर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ऑस्टिओपोरोसिसच्या निदानासाठी आखलेली उणे २.५ ची रेषा टाचेतून जाणाऱ्या ध्वनिलहरींना लावता येत नाही. शिवाय पायावर सूज असली, जेल कमी पडलं किंवा टाच तिरकी बसली तरी आकडा बदलतो. चिठ्ठीवरची रंगाची पट्टी लाल आली की तिथल्या तिथे कॅल्शियमच्या गोळ्या हातात पडतात, हे वाईटच. त्याहून वाईट म्हणजे पट्टी हिरवी आली की माणूस निर्धास्त होतो आणि पुढची पाच वर्षं डेक्साचं नाव काढत नाही. म्हणून आमचं मत असं: पुढे कोणाला पाठवायचं हे ठरवण्यापुरती ही चाळणी ठीक आहे. निदानासाठी किंवा औषध लागू पडतंय का हे बघण्यासाठी ती वापरू नये.

डेक्सात कमरेचे मणके (एल-१ ते एल-४) आणि खुबा मोजतात. दहा ते वीस मिनिटं लागतात, इंजेक्शन नाही, उपाशी राहायला नको. किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. आदल्या २४ तासांत कॅल्शियमची गोळी घेऊ नये, कारण न विरघळलेली गोळी पोटात असली तर मणक्यावर तिची सावली पडून घनता खोटी वाढते. बेरियम पिऊन केलेली तपासणी, कॉन्ट्रास्टचा सीटी किंवा न्यूक्लिअर स्कॅन नुकताच झाला असेल तर एक-दोन आठवडे थांबावं. धातू उतरवायला सांगतात तेव्हा लोक दागिने काढतात आणि नेमकं कमरेपाशी असलेलं विसरतात: निऱ्यांची सेफ्टी पिन, चांदीचा करगोटा, खिशातली नाणी, पाठदुखीच्या पट्ट्यातल्या लोखंडी पट्ट्या. यातलं काहीही मोजमापाच्या चौकटीत आलं तर आकडा बिघडतो. साधा सुती गाऊन किंवा नाडीचा पायजमा घालून जाणं उत्तम.

सेंटर चांगलं की वाईट हे मशीनच्या कंपनीपेक्षा टेक्निशियनच्या हातावर ठरतं. मणक्यांसाठी पोटऱ्या एका ठोकळ्यावर ठेवून गुडघे आणि खुबे काटकोनात आणतात, त्यामुळे कमरेचा बाक सपाट होतो. खुब्यासाठी पाय १५ ते २५ अंश आत वळवून पट्ट्याने बांधतात. पाय पुरेसा वळवला नाही तर मांडीच्या हाडाची मान तिरकी दिसते आणि घनता चुकीची येते. रिपोर्टवरच्या चित्रात हे घरबसल्या तपासता येतं: हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा मोठा आणि ठळक दिसत असेल तर पाय आत वळलेला नव्हता. मणके चित्रात सरळ उभे हवेत, वाकडे नकोत.

सत्तरीनंतर मणक्याच्या आकड्यावर फार विसंबू नये, आणि इथेच बरेच रिपोर्ट चुकवतात. वयानुसार मणक्यांना वाढलेली हाडं, महाधमनीत साचलेला चुना, आधीच चेपलेला मणका या तिन्हींमुळे घनता असते त्याहून जास्त दिसते. पाठीला पोक आलेल्या आजींचा मणका ‘नॉर्मल’ आणि खुबा उणे २.८ असा रिपोर्ट येतो, तो यामुळेच. एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजारच्यापेक्षा एकाहून जास्त वेगळा असेल तर तो मणका वगळून सरासरी काढायची असते. उरलेले मणके दोनपेक्षा कमी असतील तर मणक्यावरून निदान करायचंच नाही. दोन्ही खुबे बदललेले असतील, किंवा पॅराथायरॉइडचा (कॅल्शियमवर ताबा ठेवणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा) आजार असेल, तर कमी वापराच्या हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचा मनगटापासून एक तृतीयांश अंतरावरचा भाग मोजून घ्यावा.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर कोणत्या लोकसंख्येशी तुलना करून काढलाय ते लिहिलेलं हवं. भारतीय मानक वापरलं की पाश्चात्त्य मानकापेक्षा कमी लोक ‘ऑस्टिओपोरोसिस’मध्ये बसतात, म्हणून दोन सेंटरचे रिपोर्ट समोरासमोर ठेवून घाबरण्यात किंवा हुरळण्यात अर्थ नाही. पुन्हा तपासायचं तर त्याच मशीनवर, शक्यतो एक-दोन वर्षांनी. सेंटरने स्वतःच्या मोजमापातली चूक, म्हणजे त्याच माणसाला लगेच पुन्हा मोजलं तर पडणारा फरक, मोजलेली असावी. मान्य मर्यादेत ती असली तरी मणक्यात ५.३ आणि पूर्ण खुब्यात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक खरा बदल मानता येत नाही. दोन टक्के घनता वाढली म्हणून पेढे वाटू नयेत, दोन टक्के घटली म्हणून औषधही बदलू नये.

आता मूळ दुखणं. ज्यांना ही तपासणी सर्वांत जास्त हवी, ते टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत. बाथरूममध्ये घसरून मनगट मोडतं, प्लास्टर होतं, सहा आठवड्यांनी ते निघतं आणि विषय संपतो. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हीच तपासणीची सर्वांत ठळक खूण आहे, आणि तिथेच चिठ्ठी लिहायची राहते. अस्थिरोगतज्ज्ञाला वाटतं फिजिशियन लिहील, फिजिशियनला वाटतं ते हाडवाल्यांचं काम. गुडघेदुखीसाठी एक्स-रे लगेच होतो, कारण गुडघा दुखतो. विरळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखत नाही, म्हणून तक्रारच नसते. मणके चेपल्याचं तर बहुतेकांना कळतही नाही. उंची चार सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर डेक्सासोबत पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रेही मागून घ्यावा.

पैसा हे दुसरं कारण. खासगी सेंटरमध्ये साधारण दीड ते चार हजार रुपये लागतात, आणि भरती न होता केलेल्या तपासणीचा खर्च बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत. सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांच्या आरोग्य योजनेच्या) दरपत्रकात डेक्सा आहे, त्यामुळे केंद्र सरकारी निवृत्तांनी डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी जरूर मागावी. तालुक्याच्या गावी मशीन नसतं, सोबत यायला मुलगा किंवा सून लागते, त्यांची रजा लागते. आणि घरातल्या बाईच्या तपासणीसाठी ही रजा सर्वांत शेवटी निघते. पुरुषांचं वेगळंच: हा बायकांचा आजार, असं समजून ते या यादीतून आपोआप गळतात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या पुरुषाला हा धोका पुरेपूर असतो.

‘६५ वर्षांपुढच्या स्त्रिया’ हा अमेरिकी निकष आपल्याकडे जसाच्या तसा घेऊ नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. इथे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते आणि खुबाही पाश्चात्त्यांपेक्षा लवकर मोडताना दिसतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशा शस्त्रक्रियेत बीजकोषही काढले असतील तर हाडांची घट तिथूनच सुरू होते. त्या बाईसाठी ६५ फार उशिराचे.

डेक्सा लांब असेल तर शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं ‘फ्रॅक्स’ हे मोफत ऑनलाइन गणित आधी करावं. २००८ पासून ते उपलब्ध आहे, ४० ते ९० वयासाठी चालतं, भारताचा पर्याय निवडता येतो आणि घनतेचा आकडा नसला तरी दहा वर्षांतला फ्रॅक्चरचा धोका सांगतं. उणीव एवढीच की ते धूम्रपान विचारतं, मिश्री विचारत नाही, आणि वारंवार तोल जाऊन पडण्याचा हिशोब धरत नाही.

सेंटरला फोन करताना चार गोष्टी विचाराव्यात: मणका आणि खुबा दोन्ही मोजता का, मशीनची रोजची फँटम तपासणी (घनता आधीच माहीत असलेला ठोकळा मोजून मशीन बरोबर आहे का ते पाहणं) होते का, रिपोर्टसोबत चित्र देता का, आणि टेबलावर चढायला पायरी व मदतीला माणूस आहे का. रिपोर्ट कमी आला तर औषध सुरू करण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड हार्मोन या रक्ततपासण्या डॉक्टरांशी बोलून करून घ्याव्यात. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मऊ पडलेलं हाड आणि विरळ झालेलं हाड, डेक्साला दोन्ही सारखीच दिसतात.