ग्राउंड पॉड : २,४०० रुपयांची थाळी आणि आईची परात

वाळूवर पालथं पडून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी ग्राउंड पॉड नावाची एक वस्तू मिळते. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणजे काळा रंग दिलेली पत्र्याची थाळी आणि तिच्या मधोमध वर आलेला ३/८ इंची बोल्ट. बोल्टवर ट्रायपॉडचं हेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा फिरता सांधा), हेडवर कॅमेरा-लेन्स, आणि थाळी पुढे ढकलत आपण मागून सरपटायचं. मी दिवाळीनंतर ऑनलाइन घेतली आणि मार्चपर्यंत अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर सात-आठ वेळा वापरली. कंपनीचं नाव लिहीत नाही.

कल्पना शंभर टक्के बरोबर आहे, हे आधीच सांगते. उभ्याने काढलेल्या फोटोत चिखल्या पक्षी म्हणजे वाळूवर सांडलेला शेंगदाणा. लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली की मागची वाळू, लाटेचा फेस सगळं विरघळतं आणि पक्षी आपल्या डोळ्याला डोळा भिडवून उभा असतो. माझी निकॉनची २००-५०० लेन्स सव्वादोन किलोच्या वर आहे. पूर्वी ती कोपरांवर तोलायची, म्हणजे सोमवारी वर्गात फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. थाळीने तो त्रास संपवला.

जानेवारीत एकदा सुरूच्या बनासमोर ओल्या वाळूत अशीच पडून होते. सँडरलिंग या चिमुकल्या किनारी पक्ष्यांचा थवा लाटेशी शिवाशिवी खेळत होता. लाट मागे सरली की तुरुतुरु खाली, चोच खुपसून दोन-चार घास, लाट आली की पुन्हा वर. बहुतेक किनारी पक्ष्यांना असतं ते मागचं बोट यांना नसतं, आणि पळणं तर असं की पायांना चावी दिली आहे. मी हलत नाही म्हटल्यावर एक इतका जवळ आला की लेन्सला फोकसच होईना (तिला किमान २.२ मीटर अंतर लागतं). फोटो नाही मिळाला. नुसती बघत राहिले. मागून एक कोळीण विचारून गेली, "काय हरवलं गो बाय?"

आता तक्रारी. थाळीचा काठ जेमतेम एक बोट उंच आहे. ओल्या वाळूत चालून जातं, पण कोरड्या वाळूत ती नांगरासारखी उकरत जाते आणि वाळू सरळ आत, हेडच्या फिरत्या भागात. मग लेन्स वळवताना जी करकर होते, ती ऐकून आपलेच दात शिवशिवतात. आणि बोल्ट! जाहिरातीत 'स्टेनलेस' लिहिलेला बोल्ट तिसऱ्या फेरीनंतर गंजला, हेड त्यावर घट्ट बसलं. खोबरेल तेल आणि पाना घेऊन एक अख्खी दुपार गेली. तक्रार केली तर उत्तर आलं, समुद्राचं पाणी लागू देऊ नका. अहो, मग ही थाळी काय पंगतीत वाढायची?

शेवटी माळ्यावरून आईची जुनी हिंडालियमची परात काढली. चार बोटं उभा काठ, बूड गुळगुळीत. पनवेलच्या एका वर्कशॉपमध्ये भोक पाडून घेतलं, खऱ्या स्टेनलेसचा, चपट्या डोक्याचा बोल्ट बसवला, म्हणजे खाली वाळूत रुतत नाही. दोन्ही बाजूंनी वॉशर. सगळे मिळून १४० रुपये. वाळू आत येत नाही आणि घरी आल्यावर भांड्यांबरोबर गोड्या पाण्याने घासता येते. चमकू नये म्हणून बाहेरून मातकट रंग दिला. आई म्हणाली, "परात गेली ती गेली, निदान पक्षी तरी स्पष्ट दाखव."

थाळी घ्या की परात, भरतीची वेळ चुकली तर दोन्ही फुकट. आक्षीचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि पक्षीही. तिथल्या एका होडीवाल्या मामांनी हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पक्ष शुक्ल असो की वद्य. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे या दोन तिथींना कोवळ्या उन्हात पाणी भरलेलं आणि पक्षी काठाशी. तेव्हापासून मी कालनिर्णय बघून रजा टाकते.

एक मात्र पाळा. पक्ष्यांच्या रोखाने सरळ सरपटू नका, तिरकं जा. टिपणं थांबवून त्यांनी माना ताठ केल्या की तिथेच थांबा. सँडरलिंगला वीण करायला थेट आर्क्टिकपर्यंत उडायचंय, त्याची चरबी आपल्यापायी जळायला नको.

जवळपास वर्कशॉप नसेल तर विकतची थाळी घ्या, पण पहिल्याच दिवशी बोल्ट बदला. पाचपैकी दोन तारे, दोन्ही कल्पनेला. माझी थाळी सध्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. बोल्ट काढल्यावर राहिलेल्या भोकातून जास्तीचं पाणी छान निघून जातं.