एकाच मॉडेलचे दोन चाकू, पण पाती सारखी नाहीत: काही महिन्यांच्या वापरानंतर

घडीच्या चाकूबद्दल लिहिताना बहुतेक जण लॉक, क्लिप आणि उघडतानाच्या आवाजावरच थांबतात. या गोष्टी पहिल्याच दिवशी हाताला कळतात. पात्याचं ग्राइंडिंग, म्हणजे घासून धारेकडे पातळ करत नेणं, कसं झालंय ते मात्र दोन-चारदा धार लावून झाल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून मी उशिरा लिहितोय.

एक चाकू माझा, एक भावाचा. दोन्ही एकाच मॉडेलचे, कारखान्यात हजारोंनी बनणारे. पोलाद १४सी२८एन, लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी पात्यामागे अडकते), पाठीची जाडी ३ मिमी आणि पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरणारा फुल फ्लॅट ग्राइंड. कंपनीचं नाव देत नाही. हा प्रकार सगळीकडे थोडाफार चालतो, आणि नाव दिलं की खालची सगळी चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहते.

आधी जे डोळ्यांना दिसतं ते. भावाच्या चाकूचा बेव्हल, म्हणजे अगदी कडेचा तो चकचकीत पट्टा, दोन्ही बाजूंना सारखा. भिंगाखाली साधारण ०.९५ मिमी रुंद. माझ्या चाकूला उजवीकडे ०.८ आणि डावीकडे ०.६. शिवाय प्लंज लाइन, म्हणजे जिथे ग्राइंड संपून मुठीकडचा सपाट भाग सुरू होतो ती रेघ, माझ्या चाकूवर दोन बाजूंना जवळजवळ १ मिमीने पुढे-मागे. पाठीकडून बघितलं की लगेच खुपतं. फोटो टाकले असते तर दहातल्या नऊ जणांनी भावाचा चाकू निवडला असता आणि माझा परत करायला सांगितलं असतं.

वापरात मात्र उलटं निघालं. जाड पुठ्ठा लांबलचक कापताना माझा चाकू सरसर जातो. भावाचा सुरुवातीला जातो, मग पुठ्ठा दोन्ही अंगांनी पात्याला धरतो आणि मनगटाला जोर लावावा लागतो. नायलॉनची दोरी दोघंही कापतात, तिथे फरक जाणवला नाही. लाकडाची साल काढतानाही फारसा नाही. पण जिथे पातं खोल शिरतं आणि माल बाजूला सरकत नाही, तिथे दर वेळी तोच निकाल.

कारण मायक्रोमीटरने सापडलं. बेव्हल जिथे सुरू होतो तिथली पात्याची जाडी, म्हणजे धारेमागची जाडी, माझ्या चाकूची मधल्या भागात ०.४५ मिमी आहे आणि भावाच्या चाकूची ०.६५. फरक ०.२ मिमीचा, पण पुठ्ठ्यात घुसणाऱ्या पाचरीचं तोंडच जवळपास दीडपट जाड! बेव्हलचा कोन यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि रुंदीवरून तो ओळखायला गेलं की हमखास फसगत होते, कारण रुंदी कोनावरही ठरते आणि जाडीवरही. धार मधोमध आहे असं धरलं तर अर्धी जाडी भागिले बेव्हलची रुंदी म्हणजे त्या बाजूच्या कोनाचं साइन. भावाचा हिशेब ०.३२५ भागिले ०.९५, म्हणजे दोन्ही बाजूंना २० अंश. माझा उजवीकडे सुमारे १६ आणि डावीकडे २२. एकूण कोन त्याचा ४० आणि माझा ३८, जवळपास सारखेच. म्हणजे रुंद, देखणा बेव्हल बघून ज्याला ‘बारीक धार’ म्हणावंसं वाटतं, तो खरं तर जाड पात्यामुळे रुंद झालेला असू शकतो.

माझ्या चाकूच्या दोन बाजूंच्या असमान कोनांचा त्रास अगदीच झाला नाही असं नाही. लांब कापात पातं हळूहळू उजवीकडे, म्हणजे कमी कोनाच्या बाजूला, ओढ घ्यायचं. सरळ रेघ आखून कापायला गेलं तरच लक्षात यावं इतकं. पण हा दोष दगडावर जातो. दोन्ही बेव्हलला काळा मार्कर फासला आणि दगडावर १७ अंशांत चाकू फिरवला. उजवीकडची शाई कडेपासून निघाली. डावीकडे फक्त बेव्हलचा वरचा खांदा घासला गेला आणि अगदी कडेला केसाएवढी काळी रेघ तशीच राहिली. ती रेघ आहे तोवर दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाही, मग हात कितीही मारा. ४०० ग्रिटच्या खरखरीत दगडावर डावी बाजू बराच वेळ घासली, रेघ गेली, उलट बाजूला बर, म्हणजे पोलादाची दुमडलेली बारीक कड, आली, मग १००० ग्रिटचा बारीक दगड आणि शेवटी चामडं. आता दोन्ही बेव्हल पाऊण मिमीच्या आसपास आहेत आणि ओढही गेली.

भावाच्या चाकूचं दुखणं असं जात नाही. नेहमीसारखी धार लावत गेलं तर ते वाढतंच, कारण धार वर सरकते तसं पातं जाड होत जातं. फुल फ्लॅट ग्राइंडमध्ये हे हळू होतं: पात्याची उंची २७ मिमी धरली तर १ मिमी पोलाद झिजल्यावर जाडी जेमतेम ०.०९ मिमी वाढते. सेबर ग्राइंड, म्हणजे अर्ध्या उंचीपासूनच उतरणारा, असेल तर याच्या दुप्पट. हॉलो ग्राइंडमध्ये (१९६४ पासून बनणारा बक ११० हा घडीचा चाकू त्याचं ओळखीचं उदाहरण) पोटातली खोलगट वक्रता असते म्हणून बराच काळ जाडी फारशी वाढत नाही, मग मात्र भराभर वाढते.

टोकाकडे माझ्याही चाकूची जाडी ०.७५ पर्यंत जाते आणि बेव्हल तिथे पसरलेला दिसतो. पात्याची गोलाई सुरू झाली की धार वर, पाठीच्या दिशेने चढते. ग्राइंडचा उतार एकाच प्रतलात ठेवला तर तिथे धारेला जाड पोलादच मिळणार. हाताने ग्राइंड करणारा तिथे मूठ उचलतो, सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशिनच्या, चांगल्या प्रोग्रॅममध्ये त्याची सोय केलेली असते, नाहीतर पाठीकडूनच टोकापर्यंत जाडी उतरवलेली असते. मला या जाड टोकाचं वाईट वाटत नाही. खोक्यांच्या पिना मी त्यानेच उचकटतो, आणि ते करू नये हे मलाही माहीत आहे.

माझी खरी तक्रार टाचेची आहे. या मॉडेलला धारेच्या मुठीकडच्या टोकाशी खाच नाही. प्लंज लाइनची वळणदार बाजू थेट धारेवर उतरते, त्यामुळे शेवटचे दोन-तीन मिमी जाड राहतात आणि दगड तिथे नीट बसत नाही. काही महिन्यांत पुढची धार झिजली, टाच तशीच राहिली, आणि आता पातं सपाट फळीवर टेकवलं की त्या गाठीच्या पुढे प्रकाशाची बारीक फट दिसते. दोन बाजूंच्या प्लंज लाइन पुढे-मागे असणं हा दिसण्याचा प्रश्न आहे, पण त्यातली जी धारेवर चढते ती रोज नडते. डायमंड फाइलने खाच पाडता येते, आणि ती मी पाडणार आहे. कारखान्यात हेच काम काही सेकंदांचं होतं.

हे फरक येतात कुठून? पात्याचा आकार लेझरने किंवा प्रेसने कापला जातो, मग हार्डनिंगमध्ये, म्हणजे तापवून कडक करताना, पोलाद थोडंफार वाकतं. सरळ केलं तरी मिमीचे काही शतांश उरतात. ग्राइंडिंग व्हील झिजत जातं. आणि मुख्य ग्राइंड मशिनवर झालेला असला तरी शेवटची धार अनेक कारखान्यांत माणूसच हाताने फिरत्या घासायच्या बेल्टवर लावतो. माझा २२ आणि १६ चा घोळ बहुधा तिथलाच आहे, कारण मधल्या भागात वरचा उतार दोन्ही बाजूंना व्यवस्थित आहे. त्याच बेल्टवर कोरडं घासलं की धारेची कड तापते. अशा पोलादाचं टेम्परिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) बहुधा २०० अंश सेल्सियसच्या आसपास होतं, त्यापुढे गेलं की कड मऊ पडते. आमच्या दोन्ही चाकूंची पहिली धार लवकर वळली आणि दोनदा दगडावर घेतल्यावर जास्त टिकू लागली. पोलादाला नावं ठेवण्याआधी एवढं करून बघावं.

नवीन चाकू हातात आला की मी आता बेव्हल सारखे आहेत का हे शेवटी बघतो. आधी धारेमागची जाडी मधे आणि टाचेपाशी मोजतो, मग प्लंज लाइन धारेवर कुठे उतरते ते. ०.५ च्या आत असेल तर वाकडा बेव्हल चालवून घेतो. ०.६५ असेल तर बदलून मागतो, आणि विकणारा ‘टॉलरन्समध्ये आहे’, म्हणजे चालण्याइतकाच फरक आहे, असं म्हणतो, तेही बहुतेक खरंच असतं.

भावाच्या चाकूचं पातं दगडावर जवळजवळ आडवं धरून धारेमागे उतरवता येईल, २२० ग्रिटवर एका बैठकीचं काम आहे. पण त्याने पात्याच्या सॅटिन पॉलिशवर ओरखडे येतील म्हणून तो तयार नाही. चाकू त्याचा, मी पुढे बोललो नाही. पुठ्ठा कापायचा असला की तो माझा मागतो.